खेळणं घेण्याआधी पिल्लाची जीभ बघा

प्रश्न असा आहे: सात आठवड्यांचं असताना घरी आणलेलं मांजराचं पिल्लू आता अकरा आठवड्यांचं झालंय. अतिशय खेळकर. आणलेली खेळणी दोन दिवसांत कोपऱ्यात जातात, पण लोकरीचा गुंडा काही सोडत नाही. हातापायांना चावतं, पहाटे घर डोक्यावर घेतं, कपाटाखाली शिरून धुळीने माखून बाहेर येतं. तर कुठली खेळणी घ्यावीत, आणि दर रविवारी आंघोळ घालायची तर घरातल्या बाळाचा शॅम्पू चालेल का?

दोन उत्तरं लगेच देऊन टाकते. लोकरीचा गुंडा आत्ताच्या आत्ता उचला. आणि रविवारची आंघोळ नको. दोन्हींचं कारण एकच आहे, पिल्लाची जीभ.

ते तुमचं बोट चाटत असेल तेव्हा जरा लक्ष द्या. काचपेपर घासल्यासारखं वाटतं ना? मांजराच्या जिभेवर बारीक काटे असतात. आपली नखं ज्या केराटिनची, त्याचेच हे काटे, आणि सगळ्यांची टोकं घशाकडे वळलेली. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या काट्यांच्या टोकाला खोलगट पन्हळ असल्याचं दाखवलं. तोंडातली लाळ त्या पन्हळीतून केसांच्या मुळापर्यंत पोहोचते. म्हणजे कंगवा, पाणी आणि फडकं या तिघांचं काम एकटी जीभ करते. रचना मोठी देखणी आहे, पण तिचा एक तोटाही आहे. काट्यांना जे अडकलं ते घशाकडेच सरकतं, थुंकून टाकणं मांजराला जवळजवळ जमत नाही. दोरा तोंडात गेला की गिळत जाण्यावाचून गत्यंतर नाही. आणि अंगाला लागलेली कुठलीही गोष्ट, मग ती धूळ असो, शॅम्पू असो की फरशीवरचं फिनाईल, थोड्या वेळात पोटात गेलेली असते. खेळणं घेताना आणि साबण घेताना मी एवढंच स्वतःला विचारते: हे जिभेला लागलं तर पुढे काय?

दोऱ्याच्या बाबतीत पुढे काय होतं ते मी, पशुवैद्य म्हणून, ऑपरेशनच्या टेबलावर पाहिलंय. साडेचार महिन्यांचं एक करडं पिल्लू, दोन दिवस उलट्या करतंय म्हणून आणलेलं. खात नव्हतं, पाठ वर काढून गप्प बसलं होतं. घरच्यांना वाटलं, काही बाधलं असेल. मी तोंड उघडलं, हनुवटीखालून अंगठ्याने जीभ वर ढकलली, तर जिभेच्या मुळाशी एक बारीक लाल रेघ. शिवणाचा दोरा. मधला भाग जिभेभोवती अडकलेला, दोन्ही टोकं पोटात. अशा वेळी आतडं आपल्या सवयीने दोरा पुढे ढकलत राहतं, अडकलेला भाग त्याला सोडत नाही, आणि मग आतडंच दोऱ्यावर चुणत मागे येतं. पोट उघडलं तेव्हा आतडं नाडी आवळलेल्या पायजम्यासारखं दिसत होतं, घडीवर घडी. ताणलेला दोरा आतून करवतीसारखा कापत असतो. दोन ठिकाणी आतडं भोक पडण्याच्या बेतात आलं होतं. तीन ठिकाणी छेद घेऊन दोरा तुकड्या-तुकड्यांनी काढावा लागला. ते पिल्लू वाचलं. उशिरा आलेली सगळीच वाचत नाहीत.

तेव्हा लोकर, शिवणाचा दोरा, भेटवस्तूंना बांधतात त्या फिती, चकचकीत झिरमिळ्या, बुटांच्या नाड्या यातलं काहीही पिल्लाच्या हाती एकटं लागू देऊ नका. सुई ओवलेला दोरा तर फारच वाईट. आणि कधी तोंडातून किंवा शेपटीखालून दोरा लोंबताना दिसलाच तर तो ओढायचा नाही. समोर टोक दिसतंय, हळूच खेचू, असं प्रत्येकाला वाटतं. पण आत तो किती लांब आहे आणि कशाला अडकलाय हे बाहेरून कळत नाही, आणि ओढताना आतडं फाटू शकतं. आहे तसं उचलून डॉक्टरकडे न्या.

दोऱ्याखालोखाल मी पोटातून काय काढलं असेल तर केसांना लावायची रबरं. चावायला मऊ, फरशीवर उड्या मारणारी, पिल्लाला अतिशय प्रिय. मग कानात घालायचे फोमचे बोळे, खेळण्यातल्या उंदराचं शेपूट, प्लास्टिकचे डोळे. बटणाएवढ्या चपट्या बॅटऱ्या आणि छोटी लोहचुंबकं क्वचित येतात, पण आली तर तासांचा हिशेब असतो. बॅटरी अन्ननलिका भाजते, आणि एकापेक्षा जास्त चुंबकं गिळली तर ती आतड्याच्या दोन घड्यांना मध्ये धरून एकमेकांना चिकटतात.

म्हणून दुकानात खेळणं हातात घेतलं की मी पहिल्यांदा त्याचे डोळे ओढते. विकणारा बघत राहतो, बघू द्या. नखाने डोळा, नाक, कान, शेपूट उपटून पाहायचं. गोंदाने चिकटवलेलं काहीही पिल्लाच्या दातांपुढे टिकत नाही. धाग्याने भरतकाम केलेले डोळे बरे. मग शिवण ताणून बघायची, आतला कापूस किंवा मणी दिसतात का. आकार असा हवा की खेळणं अख्खं तोंडात मावणार नाही. आणि इथे लोक फसतात, कारण माप आजच्या तोंडाचं घेतात. अकरा आठवड्यांच्या पिल्लाला जो चेंडू मोठा आहे तो सहा महिन्यांच्या मांजराच्या जबड्यात आरामात बसतो. टेबल टेनिसचा चेंडू ४० मिलिमीटरचा असतो, साधारण त्याहून लहान गोल वस्तू मी घेत नाही. तोही चेपला, चिरला की टाकून द्यायचा.

आता दोन दिवसांत कंटाळण्याबद्दल. यात तुमच्या पिल्लाचा दोष नाही आणि खेळण्याचाही नाही. मांजराचा खेळ म्हणजे शिकारच असते, फक्त शेवटी पोट भरत नाही. आणि शिकारी कशावरून ठरवतो की झटापट फुकट जातेय? समोरचं सावज बदलत नाही यावरून. ब्रिटनमधले मांजरांच्या वर्तनाचे अभ्यासक जॉन ब्रॅडशॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००२ सालचा एक अभ्यास आहे. मांजरांना तेच खेळणं पुन्हा पुन्हा दिलं की त्यांचा उत्साह उतरत गेला, पण थोड्याच वेळात रंग-रूप वेगळं असलेलं दुसरं दिलं की खेळ पुन्हा जोरात सुरू झाला. मांजर खेळाला नाही, त्या खेळण्याला कंटाळलेलं असतं. खऱ्या शिकारीची पिसं उडतात, ती चिरडते, फाटते. रबरी उंदीर जसाच्या तसा राहतो.

यावरून दोन गोष्टी करा. सगळी खेळणी एकदम बाहेर ठेवू नका. तीन बाहेर, बाकीची बंद डब्यात, दोन-तीन दिवसांनी अदलाबदल. डब्यातून आठवड्याने निघालेलं जुनं खेळणं पिल्लाला नव्यासारखंच वाटतं. आणि चुरगळणारं, आकार बदलणारं काहीतरी रोज द्या. कागदाचा बोळा याला फार चांगला. साधा कागद, चुरगळताना आवाज होतो, मारला की वाकडातिकडा पळतो, दात लावले की टवके निघतात. टवके खायला लागलं तर मात्र काढून घ्या. खेळण्यापेक्षा ते आलं त्या खोक्यावर पिल्लाचा जीव जडतो, ही सगळ्याच मांजरवाल्यांची तक्रार असते. खोकं हे दबा धरायला आयती जागा, त्यात रागावण्यासारखं काय आहे? चिकटपट्टी आणि पिना काढा, बाजूला दोन भोकं पाडा, आणि राहू दे आठवडाभर. प्लास्टिकच्या पिशव्या मात्र नकोत. कागदी पिशवी दिलीत तर तिचे बंद कापून द्या, मान अडकते.

सगळ्यात उपयोगी खेळणं कुठलं असं एकच विचारलंत तर मी काठीला दोरीने बांधलेलं पीस किंवा कापडी उंदीर सांगेन. हो, त्यात दोरी आहे. म्हणूनच ते फक्त तुमच्या हातात असताना खेळायचं, खेळ संपला की कपाटात, दार बंद.

आणि ते खेळवायची एक रीत आहे. बहुतेक लोक पीस पिल्लाच्या नाकासमोर नाचवतात. पण मांजराला अगदी जवळचं, वीतभर अंतराच्या आतलं, नीट दिसत नाही. तिथलं काम मिशा करतात. लाल रंगही त्याला आपल्यासारखा उठून दिसत नाही, निळ्या-पिवळ्या छटा जास्त कळतात. मुळात रंगापेक्षा हालचालीवर त्याची नजर. आणि कुठलाही उंदीर मांजराच्या तोंडाकडे धावत येत नाही. तेव्हा पीस जमिनीवर टेकवा, पिल्लापासून दूर, हळू सरपटत न्या. खुर्चीच्या पायाआड घाला आणि थांबा. फक्त टोक बाहेर राहू दे, तेवढंच किंचित थरथरू दे. आता पिल्लाकडे बघा. कान पुढे होतात, डोळ्यांच्या बाहुल्या पसरून काळ्याभोर होतात, पोट जमिनीला लागतं, आणि मग मागचा भाग डावीकडे-उजवीकडे हलायला लागतो. हा क्षण घाईने घालवू नका. काही पिल्लं इथे दहा-दहा सेकंद काढतात. त्याने झडप घातली की पहिल्या दोन वेळा निसटू द्या, तिसऱ्यांदा सापडू द्या. दातांत धरू द्या, मागच्या पायांनी लाथा मारू द्या. सतत निसटणारं सावज म्हणजे नुसता मनस्ताप.

लेझरचा ठिपका मला याच कारणासाठी आवडत नाही. तो कधीच सापडत नाही. पिल्लू घामाघूम होईपर्यंत पळतं असं लोक कौतुकाने सांगतात (घाम मांजराला तळव्यांनाच येतो, ते सोडा), पण शेवटी पंजाखाली काही नसतं. काही मांजरं पुढे सावल्यांच्या, भिंतीवरच्या कवडशांच्या मागे लागतात. वापरायचाच असेल तर डोळ्यांवर कधीही नको, आणि शेवटी ठिपका खऱ्या खेळण्यावर किंवा खाऊवर आणून थांबवा.

एका वेळी दहा मिनिटं पुरतात. लांब पळण्यासाठी मांजराचा जन्मच नाही, त्याचा दम छोटा असतो. तोंड उघडून धापा टाकायला लागलं तर लगेच थांबवा. असं वारंवार झालं तर छाती तपासून घ्या, ते खेळाचं लक्षण नाही. दिवसातून चार-पाच छोटे डाव ठेवा आणि त्यातला शेवटचा रात्री झोपण्याआधी, त्यानंतर लगेच जेवण. शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप हा मांजराचा क्रम ठरलेला आहे. मांजर मुळात पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त जागं असणारं जनावर, त्यामुळे पहाटेचा धिंगाणा पूर्ण थांबणार नाही, पण हा क्रम लावून दिलात तर बराच पुढे ढकलला जाईल. आणि पहाटे उठून त्याला खायला घालू नका. एकदा घातलंत की रोजचा गजर लागला म्हणून समजा.

हाताला चावतं त्याचं मूळ तुम्ही दिलेल्या वयात आहे. सात आठवड्यांचं आलं म्हणजे भावंडांत दंगा करायचे दिवस ऐन भरात येत होते तेवढ्यात ते एकटं पडलं. पिल्लं एकमेकांना चावतात, दुसरं किंचाळून खेळ सोडतं, आणि चावा किती जोरात घ्यायचा हे असं कळत जातं. ते शिक्षण तुमच्याकडे अर्धं राहिलंय. आता ते तुम्हीच पूर्ण करायचं. चावलं की हात झटकू नका, झटकलेला हात म्हणजे पळणारं सावज. हात सैल सोडा, खेळ थांबवा, उठून मिनिटभर निघून जा. ओरडणं, नाकावर टिचकी मारणं याने पिल्लू फक्त हाताला घाबरायला शिकतं, आणि पुढे त्याच हाताने तुम्हाला त्याची नखं कापायची आहेत. घरातल्या कोणीही बोटं वळवळवून, पांघरुणाखाली पाय हलवून खेळवायचं नाही, पाहुण्यांनीसुद्धा. आज ते गोड वाटतं. चार किलोच्या मांजराने घोट्याला मिठी मारल्यावर वाटत नाही. त्याऐवजी पिल्लाच्या अंगाएवढी लांब, मऊ कापडी उशी द्या. पुढच्या पंजांनी कवटाळून मागच्यांनी तुडवायला ती लागते.

साडेतीन-चार महिन्यांपासून दुधाचे २६ दात पडून पक्के ३० यायला लागतील. सहा-सात महिन्यांपर्यंत हे चालतं. फरशीवर तांदळाएवढा दात सापडला तर घाबरू नका, बहुतेक तर गिळलेच जातात. या काळात चावणं वाढतं. ओलं करून थंड केलेलं जाड फडकं चघळायला द्या, आणि विजेच्या वायरी झाका. कॅटनिपची, म्हणजे मांजरांना भुलवणाऱ्या पुदिन्याच्या कुळातल्या वनस्पतीची, खेळणी आत्ता घेऊ नका. त्या वासाचा परिणाम तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान कधीतरी दिसायला लागतो, आणि साधारण एक तृतीयांश मांजरांवर जन्मभर होत नाही. अपायकारक नाही, पण अकरा आठवड्यांच्या पिल्लासमोर ठेवलंत तर ते तुमच्याकडे बघत बसेल. नखं घासायचा खांब मात्र आजच घ्या. त्यात एकच बघायचं, हलतो का. डुगडुगणाऱ्या खांबाकडे मांजर एकदा जातं, मग तुमच्या सोफ्याकडे.

आता आंघोळ.

निरोगी पिल्लाला आंघोळीची गरज नसते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून ते स्वतःला चाटायला लागतं आणि आईचं दूध सुटेपर्यंत त्यात पटाईत होतं. दर आठवड्याच्या आंघोळीने कातडीवरचं तेल निघून जातं, कोंडा होतो, खाज सुटते. त्याहून मोठा धोका गारठ्याचा. मांजराचं शरीर ३८ ते ३९ अंश सेल्सिअसला चालतं, पिल्लाचं अंग लहान आणि भिजलेली लव उब धरत नाही. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू भिजून गार पडलं तर काही वेळातच निपचित होतं. तुमचं त्यापुढे गेलंय, तरी कारण असल्याशिवाय नको.

बाळाचा शॅम्पूही नको. बाळाच्या डोळ्यांना झोंबत नाही म्हणजे मांजराला चालतो असं नाही. माणसाच्या कातडीचा सामू (पीएच) आम्लाकडे, मांजराचा उदासीनाच्या जवळ, आणि शॅम्पू आपल्यासाठी बनवलेला. शिवाय धुऊन जे काही उरेल, सुगंधासकट, ते जीभ उचलणार.

धूळ काढायची तर आईची नक्कल करा. मऊ सुती फडकं कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळा, इतकं की थेंब पडणार नाही. मग छोटे छोटे हात फिरवायचे, जिभेसारखे, केसांच्या दिशेने, कपाळापासून मानेकडे, मग पाठ. पोटाला शेवटी हात, आणि नको म्हणालं तर राहू दे. नंतर कोरड्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर. पिल्लाला झोप आली असताना हे केलंत तर बहुधा ते घुरघुरायला लागेल. रोज दोन मिनिटं मऊ ब्रश फिरवलात तर फडक्याचीही गरज कमीच. लांब केसांचं असेल तर ब्रश रोज हवाच, काखेत आणि मांड्यांच्या आत गाठी आधी होतात. गाठ सापडली तर कात्री लावू नका. मांजराची कातडी गाठीबरोबर तंबूसारखी वर येते आणि केसांऐवजी तीच कापली जाते. असे टाके मी बरेच घातलेत.

खरी आंघोळ कधी? अंगाला असं काही लागलं असेल जे चाटलं तर घातक आहे. इंजिनाचं तेल, ओला रंग, गोंद, फरशीचं रसायन. तेलकट असेल तर भांड्यांचा सौम्य द्रव साबण थोडासा, कोमट पाणी, मानेखालूनच, डोक्यावर पाणी नाही, आणि फेस पूर्ण जाईपर्यंत धुणं. खाली रबरी चटई किंवा टॉवेल टाका, पाय घसरला की पिल्लू जास्त घाबरतं. रंग किंवा गोंद काढायला रॉकेल, टर्पेंटाइन, थिनर कधीही वापरू नका, त्याने कातडी भाजते आणि उरलेलं पोटात जातं. चिकट गोंद खाण्याच्या तेलाने सैल होतो, मग साबण. वाळलेल्या रंगाचे केस डॉक्टरकडून कापून घ्या. आणि हे सगळं होईपर्यंत चाटू देऊ नका, टॉवेलात गुंडाळून ठेवा.

फुलदाणीत लिली असतील तर त्या घरातूनच काढा. लिलीचे परागकण अंगावर सांडले आणि पिल्लाने चाटले तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. फुलदाणीतल्या पाण्यानेसुद्धा. परागकण दिसले तर पुसा आणि त्याच क्षणी डॉक्टरकडे निघा, लक्षणांची वाट बघू नका.

घराच्या साफसफाईबद्दल एक नियम लक्षात ठेवा. पाण्यात टाकल्यावर दुधाळ पांढरी होणारी जंतुनाशकं मांजराच्या घरात टाळा. त्यातल्या बऱ्याच द्रवांत फिनॉलच्या कुळातली रसायनं असतात, आणि ती निकामी करणारी यकृताची एक वाट मांजरात जवळजवळ बंद असते. पॅरासिटामॉलची एखादी गोळीही मांजराला मारू शकते, त्यामागेही बऱ्याच अंशी हेच कारण. पिल्लू ओल्या फरशीवरून चालतं, पंजे चाटतं, झालं. साबणाचं पाणी वापरा, फरशी वाळेपर्यंत त्याला दुसऱ्या खोलीत ठेवा. टी ट्री सारखी सुगंधी तेलं अंगाला लावणं हा अलीकडे बोकाळलेला प्रकार आहे. नैसर्गिक असली तरी मांजराला विषच.

पिसवांसाठी केसांतून बारीक दातांचा कंगवा फिरवा आणि निघालेली काळी कणी ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवा. भोवती तांबूस रंग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्तच. पसरला नाही तर तुमच्या कपाटाखालची धूळ. लहान पिल्लाला पिसवा खूप झाल्या तर हिरड्या पांढऱ्या पडेपर्यंत रक्त कमी होतं, तेव्हा दुर्लक्ष नको. पण औषध वजन आणि वय सांगून डॉक्टरकडूनच घ्या. कुत्र्याचं औषध थोडंसं लावू, हा विचार मनातसुद्धा आणू नका. त्यात बऱ्याचदा परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, ज्याने मांजराला थरथर आणि झटके येतात.

डोळ्यांच्या कोपऱ्यातली सुकलेली घाण ओल्या कापसाने, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा. कानात काडी घालू नका. बाहेरून दिसेल तेवढंच पुसा. आत कॉफीच्या चोथ्यासारखा काळा भुगा असेल आणि पिल्लू डोकं झटकत असेल तर बहुधा कानातले किडे आहेत, ते पुसून जात नाहीत. अंगावर गोल टक्कल दिसलं तर नायटा असू शकतो, तो घरच्यांनाही लागतो, तेव्हा आधी दाखवा. नखं दोन-तीन आठवड्यांनी. पंजा हलका दाबा, नख बाहेर येतं, आतला गुलाबी भाग सोडून फक्त आकड्यासारखं टोक. पहिल्या दिवशी एकच नख कापा आणि खाऊ द्या. सगळी अठरा एका बैठकीत करायचा हट्ट धरलात तर पुढची पंधरा वर्षं पश्चात्ताप.

एक मात्र पाहून ठेवा. काल-परवापर्यंत चकचकीत असलेलं पिल्लू अचानक मळकट दिसायला लागलं, शेपटीखाली शी चिकटून राहायला लागली, तर त्याला धुऊन स्वच्छ करून बसू नका. त्याने चाटणं सोडलंय किंवा जुलाब होताहेत. जंत, ताप, तोंडातला फोड, काहीही असू शकतं.

लिटरची पेटी, म्हणजे पिल्लाच्या शी-शूसाठी वाळूसारखे कण भरलेली पेटी, रोज उपसा, आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून बिनवासाच्या साबणाने धुवा. ब्लीच ओतू नका, लघवीतल्या अमोनियाशी मिसळून विषारी वायू होतो. रोज उपसण्याचं आणखी एक कारण: टोक्सोप्लाझ्मा या परजीवी जंतूची अंडी विष्ठेत पडल्यावर एक ते पाच दिवसांनी संसर्गक्षम होतात. घरात कोणी गरोदर असेल तर हे काम दुसऱ्याने करावं. पिल्लाला पेटीची कड बुटकी हवी, आणि सुगंधी लिटर नको. तो सुगंध तुमच्यासाठी असतो, त्याच्यासाठी नाही.

खेळणीही धुवायची असतात, हे फार थोड्यांच्या डोक्यात येतं. लाळ, खाऊचा चुरा, लिटरचे कण सगळं त्यांवर बसतं. रबर-प्लास्टिकची गरम पाण्यात साध्या साबणाने. कापडी जाळीच्या पिशवीत घालून मशीनला, सुगंधी द्रव न टाकता, आणि आतपर्यंत वाळवून. आतला कापूस ओला राहिला तर बुरशी धरते, अशा खेळण्याला आंबूस वास येतो. ते टाकून द्या. पीस लावलेली धुता येत नाहीत, ती विटली की बदला. धुताना शिवणीही बघून घ्या, दोन कामं एकात होतात.

राहिलं तुमचं कपाट. पिल्लू रोज तिथून धूळ घेऊन येतं, तर पिल्लाला पुसण्याआधी कपाटाखाली एकदा बॅटरी मारून बघा आणि लांब काठीने सगळं बाहेर ओढा. हरवलेली केसांची रबरं मोजा. घरात जितकी हरवली त्याहून कमी सापडली, आणि पिल्लू दोन वेळचं खायचं टाळत असेल किंवा उलट्या करत असेल, तर उद्यापर्यंत थांबू नका.